गाडी वळवायची जागा

तुमच्या गावात एसटी कुठे वळते, सांगता येईल का तुम्हांला? थांबते कुठे, ते तुम्ही लगेच सांगाल. पण वळते कुठे? ज्या गावापुढे रस्ताच नाही, तिथे एवढी लांबलचक गाडी तोंड फिरवून परत जाते, ती कुणाच्या दारावरून, कुणाच्या कुंपणाला खेटून? माझं उभं आयुष्य या गावात गेलं, पण नेमकी कुठून कुठवर, हे मलाही परवापरवापर्यंत सांगता आलं नसतं.

आमचं गाव मालवणपासून आत, सड्यावर आहे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. रस्ता चढण चढून वर येतो आणि एका फणसाखाली संपतो. फणसासमोर कातळाची सपाट मोकळी जागा आहे. तिला नाव नाही. कुणी पत्ता विचारला तर लोक सांगतात, 'गाडी वळता थंय.'

तिथे वस्तीची गाडी यायची. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन वर यायची, फणसाला वळसा घालून तोंड उताराकडे करायची आणि मुक्कामाला उभी राहायची. पहाटे मालवणला निघायची. ड्रायव्हर आणि कंडक्टर शाळेच्या पडवीत झोपायचे आणि त्यांचं जेवण वाडीतल्या घरांनी पाळीपाळीने द्यायचं, असा आमच्याकडचा रिवाज. लिहिलेलं कुठेच नव्हतं, पण पाळी कुणी चुकवली नाही. बांगड्याचं तिखलं कुणाच्या घरचं झणझणीत आणि कुणाचं नुसतं लाल, हे आमच्या गावाबद्दल मालवणच्या स्टँडवर माहीत असायचं, ते या कंडक्टर लोकांमुळे.

त्या पहाटेच्या गाडीवर शेजारच्या काकीचं सगळं चालायचं. परसवात लावलेला लाल माठ, वाल, केळफुलं, अबोली असं टोपलीत भरून ती मालवणच्या बाजारात बसते. लग्नाआधीपासून बसते. माठाची पानं सकाळी ताठ असतात तोवर गिऱ्हाईक असतं. उन्हं वर आली की तीच भाजी कुणी फुकट नेत नाही. म्हणजे ती गाडी काकीच्या धंद्याचा अर्धा भाग होती. अर्धी टोपली आणि अर्धी गाडी.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकांवर वाढले. बाबा काजूच्या कारखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. शाळेला मास्तर द्या. खाणीच्या डंपरांना गावातून बंदी करा. विहिरीचं पाणी सगळ्या वाड्यांना सारखं द्या. मी अंकलिपीच्या आधी 'बंधू-भगिनींनो' वाचायला शिकले. वाटून उरलेली पत्रकं घरात सगळीकडे असायची. सुके बांगडे त्यात बांधलेले, फडताळात तीच अंथरलेली. मोठी झाले तेव्हा मी कुडाळला एका छापखान्यात अक्षरजुळणीला लागले, यात कुणाला नवल वाटलं नाही.

नवल वाटलं ते मी स्पोर्ट्स कूपे घेतली तेव्हा.

जुनी, मडगावच्या एका माणसाची. दोन दारं, हळदीचा रंग, बोनेट लांब आणि बूड जमिनीला टेकलेलं. मागे सीट आहे, पण तिथे माणूस बसत नाही, दप्तर बसतं. छापखान्यातली तीन वर्षांची शिल्लक तिच्यात गेली. चढावरच्या प्रत्येक गतिरोधकावर ती मला तिरकी घ्यावी लागते, नाहीतर पुढचा बंपर घासतो. एकेक सुटा भाग शोधायला गोव्यातली भंगाराची दुकानं पालथी घालावी लागतात. तरी मला ती आवडते. तिचं स्टिअरिंग हातात आलं की रस्त्याचा खडबडीतपणा बोटांना कळतो. मी वाकडा विचार करते की सरळ, तेही तिला कळतं.

बाबांनी पहिल्या दिवशी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हीत किती माणसां बसतत?"

"दोन. मागे दोन लहान."

"मगे ही गाडी न्हय. खुर्ची आसा."

ते तिच्यात बसले नाहीत. आजवर नाही.

माझं तिच्याशी आणखी एक नातं होतं: ऑटोक्रॉस. मोकळ्या जागेत शंकू मांडून वाट आखायची आणि एकेका गाडीने ती कमीत कमी वेळात पुरी करायची. शेजारी कुणी धावत नाही, फक्त घड्याळाशी सामना. शंकू पाडला की शिक्षेचे सेकंद वाढतात. कुडाळ, कणकवली आणि गोव्याकडची आम्ही काही मंडळी हौसेने हे करतो. नुसता वेग काही कामाचा नसतो. गाडी कुठून वळवायची, नजर कुठे ठेवायची, चाक कुठे पडेल आणि मागचं धूड कुठे जाईल, याचा हिशेब जमला पाहिजे. मी छापखान्यात दिवसभर ओळी समासात बसवते. इथे गाडी समासात बसवते. म्हणून कदाचित मला हे बरं जमतं.

वस्तीची गाडी बंद झाली ती एका मे महिन्यात. मुंबईला नोकरीला असलेले चाकरमानी आले. गाव भरलं, घरं उघडली, सगळ्यांना आनंद झाला. पूर्वी ते याच एसटीने यायचे. आता प्रत्येक घराची एक मोटार. घरं खाली पाणंदीत, तिथे मोटार उतरत नाही, म्हणून सगळ्यांनी आपापल्या मोटारी वर, फणसासमोर लावल्या. मोकळी तर जागा होती! संध्याकाळी एसटी आली आणि वळेना. ड्रायव्हर नवा होता. त्याने हॉर्न दिला, हाका मारल्या, शेवटी ती आख्खी चढण गाडी उलटी नेत उतरला. एका बाजूला दरी, कंडक्टर मागे चालत हात दाखवतोय. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गाडी खालच्या फाट्यावरूनच परत गेली. डेपोतून कळलं: वळायला जागा नाही, तूर्त बंद.

डेपोची चूक म्हणता येत नाही. मी असते तर मीही तेच केलं असतं.

मे संपला, मोटारी गेल्या, पण गाडी परत आली नाही. गावानेही फारसं विचारलं नाही. स्कूटर होत्या, रिक्षा होती. आणि ती जागा रिकामी पडून राहिली. मग रविवारी सकाळी मी तिथे सराव करू लागले. शंकू नव्हते, म्हणून नारळाची सोडणं चुन्यात बुडवून मांडली. पांढरी सोडणं, लाल कातळ आणि मधून माझी पिवळी गाडी. पोरं कठड्यावर बसून बघत.

एकदा कुडाळचा एक मित्र, आमच्याच ऑटोक्रॉसच्या मंडळींतला, बघायला आला. त्याने जागा पावलांनी मोजली आणि खूश झाला.

"अगो, ह्यां सोन्यासारख्या मैदान! दर म्हयन्याक हयच भरवया."

"ही एसटीची जागा आसा."

"एसटी खंय आसा?"

मी हसले. घरी आले तर बाबा पायरीवर बसले होते. टायरचा आवाज त्यांना तिथवर ऐकू जायचा.

"गाडी येणा नाय म्हणान तुका मैदान गावला," एवढंच म्हणाले.

मला फार राग आला. तो राग आला कारण बाबा खरं बोलले होते. गावाची गाडी गेली होती आणि तिच्या जागेवर मी माझी गाडी नाचवत होते. वर पत्रकं जुळवणारी मीच, 'सार्वजनिक' हा शब्द शेकडो वेळा टाइप केलेली.

तोवर काकी डोक्यावर टोपली घेऊन चढण उतरायची, खालच्या फाट्यावर दुसऱ्या गावची बस पकडायची. ती बस उशिरा येते. बाजारात पोचेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या आणि माठ मान टाकलेला. मग मी अधूनमधून तिला सोडू लागले. कुडाळ एका दिशेला, मालवण दुसऱ्या, म्हणून रोज जमायचं नाही. पहिल्यांदा बसली तेव्हा सीटवर घसरत घसरत ती एवढी खाली गेली की डोकं काचेच्या खाली.

"गो चेडवा, ही गाडी बसाची काय निजाची?"

टोपली डिकीत मावेना. मांडीवर घेतली तर तिला रस्ता दिसेना आणि मला गिअर दिसेना. केळफुलं माझ्या हातावर, माठाची देठं हँडब्रेकमध्ये. बाजाराजवळ उतरायची वेळ आली तर तिला उठता येईना.

"माका उठव आता. नायतर माका पण इकून टाक गाडीवांगडा."

आम्ही दोघी रस्त्यात खो खो हसलो. मासे घेऊन चाललेल्या बायका थांबून बघू लागल्या. मग टोपली डोक्यावर चढवताना काकी सहज म्हणाली, "ह्या वर्सा परसवात अर्धाच लावलंय. कोणाच्या जिवार लावू?"

ते वाक्य घेऊन मी कुडाळपर्यंत गेले. काकी रडत नव्हती. ती फक्त वाफे कमी करत होती. आणखी एक पावसाळा असा गेला असता तर तिने टोपली पालथी घालून ठेवली असती, आणि गावात कुणी म्हणालं असतं, आता वय झालं तिचं.

त्या आठवड्यात बाबांनी पत्रक लिहिलं आणि मी जुळवलं. 'वस्तीची गाडी परत द्या.' मालवणात स्टँडवर वाटताना एका रिक्षावाल्याने कागद घेतला, माझ्याकडे बघितलं आणि शेजाऱ्याला म्हणाला, "पिवळ्या मोटारीतसून येता आणि एसटी मागता. उद्या इमानातसून येतली आणि होडी मागतली." लोक हसले. उत्तर माझ्याकडे होतं, पण ते लांब होतं आणि स्टँडवर उभ्या माणसाला लांब उत्तर देता येत नाही.

डेपोतले साहेब सभ्य होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली. "मॅडम, गाडी द्यायला माझी ना नाही. पण ड्रायव्हरचा रिपोर्ट आहे, वळत नाही. मी उद्या पाठवीन आणि परवा दरीत गेली तर? मला वळायला जागा दाखवा."

जागा दाखवा. हे मला येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दोन वेडांची गाठ पडली.

खालच्या फाट्यापलीकडे एका गावात एसटी मातीवर वळते. पावसाची सर पडून गेली होती आणि चाकांच्या खुणा स्पष्ट उठल्या होत्या. मी आणि बाबा विहिरीचा दोर घेऊन गेलो. मी माझ्या गाडीतून, ते बसने. पुढचं बाहेरचं चाक किती मोठा फेर घेतं, मागचं आतलं चाक किती आत कापतं, हे दोराला गाठी मारून घेतलं. मागचं शेपूट चाकांच्याही बाहेर जातं, ते मी बस वळताना बाजूला उभं राहून बघितलं. मग आमच्या फणसासमोर आलो. बाबांनी कातळाच्या भेगेत पहार रोवली आणि दोराचं टोक धरून उभे राहिले. मी दुसरं टोक ताणत फिरले आणि पांढरी सोडणं मांडत गेले. तीच सोडणं, माझ्या सरावाची.

फेर बसत होता. जागा पुरत होती. फक्त दोन ठिकाणी अडत होतं. एका घराचं बांधकाम चाललं होतं, त्याचे चिरे तिथे रचलेले होते. आणि दुसऱ्या ठिकाणचं सोडण मी हातात घेऊन उभी राहिले, कारण ते ठेवायचं होतं तिथे माझी कूपे उभी होती. फणसाच्या सावलीत, बरोबर एसटीच्या शेपटाखाली.

बाबांनी दोर सैल सोडला आणि गुंडाळायला घेतला.

चिऱ्यांच्या मालकाकडे गेले. तो पडवीत सुपारी कातरत होता. "पयली तुझी काढ," तो म्हणाला. "मगे माझे चिरे बग."

त्याच संध्याकाळी काढली. पण ठेवायची कुठे? पाणंदीत उतरत नाही, काकीच्या काजूच्या बागेत लावली तर पोट कातळावर टेकतं. शेवटी खाली फाट्यावर, चहाच्या टपरीमागे जागा मिळाली. म्हणजे रोज सकाळी मी चढण चालत उतरते, मग गाडीत बसते. परत येताना गाडी खाली आणि मी चढण चढत वर. गाडी असून अर्धा रस्ता पायी. टपरीमागे माकडं तिच्या छपरावर बसतात. एकाने वायपर उपटून नेला. छपराला पोचे आले आहेत आणि बोनेटवर नखांच्या रेघा. मला वाईट वाटतं, अगदी पोटातून वाटतं, हे लपवत नाही. मालकी ही गोष्ट वाईट असं लिहिणं सोपं असतं. आपल्या हातांनी धुतलेल्या गाडीवर माकड नाचताना बघणं वेगळं.

चिरे मात्र हलले. चारसहा दिवस लागले, पण हलले.

साहेब स्वतः बसमध्ये बसून आले. ड्रायव्हरने सोडणांच्या आतून फेर घेतला, फणसाच्या फांद्या टपाला खरवडल्या आणि गाडी एका दमात वळली. एकही सोडण पडलं नाही. मी नकळत मनातल्या मनात वेळ मोजत होते. साहेब म्हणाले, "चाचणी म्हणून सुरू करतो. पण जागा अडलेली दिसली की बंद, आणि मग माझ्याकडे येऊ नका." काकीने त्या आठवड्यात परसवातले रिकामे वाफे खणले.

इथे पत्रक संपलं असतं. तुतारी, विजय असो. पण मी खरं सांगायला बसले आहे.

गाडीत माणसं कमी असतात. स्कूटरची सवय झालेला माणूस पहाटे स्टॉपवर येत नाही. मला स्वतःला कुडाळला जायचं असतं, मालवणच्या गाडीचा उपयोग नाही, म्हणून मी अजून टपरीमागच्या माझ्या खुर्चीत जाऊन बसते. ऑटोक्रॉसची मंडळी आता गोव्यात भरवतात. जमेल तेव्हा जाते. तिथून परतताना प्रत्येक वेळी वाटतं, विकून टाकावी. आणि प्रत्येक वेळी विकत नाही.

गेल्या पंधरवड्यात व्हायचं ते झालं. संध्याकाळी वस्तीची गाडी वर आली आणि फणसाखाली मुंबईची एक मोटार उभी. नवी, पांढरी, हँडब्रेक ओढून कुलूपबंद. माणसं नव्या गाडीत वाळू नको म्हणून रिक्षाने समुद्रावर गेलेली. एसटी थांबली. काकी टोपली घेऊन उतरली. ड्रायव्हर खिडकीतून बघत राहिला आणि मला साहेबांचं वाक्य आठवलं.

मी म्हटलं, उचलूया. चाकं फिरत नसली तरी हलकी मोटार मागून उसळवत उसळवत बाजूला सरकते, हे मला मैदानात कळलेलं. चारपाच बाप्ये आले, पण नवी गाडी बघून कुणी हात लावेना. काकीने टोपली खाली ठेवली.

"लावा रे हात! लाजतास कित्याक? मोटार आसा ती, नवरी न्हय!"

मग लागले. एक, दोन, हं! एक, दोन, हं! मोटार बेडकासारखी बाजूला गेली. बाबाही होते, एका मोटारीला पहिल्यांदाच दोन्ही हात लावून. एसटी वळली.

ड्रायव्हर खाली उतरला, बिडी पेटवली. "आज माका कायएक दिसाक नाय," तो म्हणाला. "परत गावली तर मात्र दिसतला."

मोटारवाले परतले. केस ओले, खांद्यावर टॉवेल. आमच्याच वाडीतलं कुटुंब, दादरला असतात. "आमची गाडी कुणी हलवली? आमच्याच गावात आम्ही गाडी कुठे लावायची, हे आता एसटी ठरवणार का?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे आख्खं पत्रक तयार होतं. काकी मध्येच म्हणाली, "व्हय."

आणि टोपली उचलून पाणंद उतरली.

वाईट माणसं नव्हती ती. त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्या जागेवर पाटी नाही, रेघ नाही, ती रिकामीच दिसते. ती रिकामी असते म्हणूनच तर गाडी येते. पण आता पुढचा मे येतोय, मग गणपती. आमच्या वाडीतल्या सगळ्या मोटारी एकदम वर येतील आणि त्या सगळ्या उसळवून बाजूला करायला आम्ही पुरणार नाही. त्या ड्रायव्हरला एका संध्याकाळी दिसेल, आणि काकीचे वाफे पुन्हा अर्धे होतील.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते आजच करण्यासारखं आहे. गावी फोन लावा. कोण असेल त्याला विचारा, आपल्याकडे गाडी वळते कुठे? आणि या वेळी मोटार घेऊन याल तेव्हा ती जागा सोडा. खाली लावा, पोराबाळांचा हात धरा आणि चढण चालत या. तुमची मोटार आधीच तिथे उभी असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि ती काढा.